जुन्या मोटारसायकलचा एखादा सिलिंडर पेटत नसेल, तर दोष कोणत्या क्रमाने शोधावा

दोन किंवा चार सिलिंडरांच्या जुन्या मोटारसायकलचा एखादा सिलिंडर मुका झाला की बहुतेक जण लगेच कार्ब्युरेटर उतरवायला घेतात. कार्ब्युरेटर खराब असण्याची शक्यता खरोखरच असते, पण तो आधी उतरवला की आयडलिंगचे स्क्रू, फ्लोटची पातळी आणि मॅनिफोल्डचे रबर हे सगळेच हलते, आणि त्यानंतरही सिलिंडर पेटला नाही तर मूळ दोष राहिला आहे की आपणच नवा दोष निर्माण केला आहे हे सांगता येत नाही. म्हणून पुढील क्रम पाळावा: आधी नेमका कोणता सिलिंडर बंद आहे ते ठरवावे, मग ठिणगी, मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब), मग पेट्रोलचा प्रवाह, मग बाहेरून शिरणारी हवा, आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटरचे अंतरंग.

हा क्रम कार्ब्युरेटर आणि बॅटरीवर चालणारे इग्निशन असलेल्या चार-स्ट्रोक इंजिनासाठी आहे. इग्निशन पॉइंटचे (उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचे) असो वा सुरुवातीच्या काळातील ट्रान्झिस्टरचे, तपासणीचा गाभा तोच राहतो.

## १. तयारी

तुमच्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असल्याशिवाय काम सुरू करू नका. या लेखातील आकडे सर्वसाधारण मर्यादा कळाव्यात म्हणून दिले आहेत. तुमच्या इंजिनासाठी मॅन्युअलमधला आकडा अंतिम मानावा. हत्यारांमध्ये नेमक्या मापाचा प्लग पाना, फीलर गेज, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, पारदर्शक नळीचा तुकडा, झाकणाची काचेची बरणी आणि पाण्याचा छोटा फवारा लागेल. योग्य क्रमांकाच्या नव्या प्लगचा पूर्ण संच घेऊन ठेवावा. चिकटपट्टी आणि वही यांना हत्यारांइतकेच महत्त्व आहे, कारण काढलेली प्रत्येक वायर आणि फिरवलेला प्रत्येक स्क्रू लिहून ठेवला नाही, तर सायंकाळपर्यंत कोणती वायर कुठली हेच आठवत नाही.

सिलिंडरचे क्रमांक आधी पक्के करा. आडव्या रांगेतील चार सिलिंडरांच्या इंजिनात, सीटवर बसलेल्या चालकाच्या डाव्या हाताकडून उजवीकडे १, २, ३, ४ असे ते मोजतात. प्रत्येक प्लगच्या वायरवर चिकटपट्टीने क्रमांक लावा.

त्यानंतर बॅटरी पाहा. पूर्ण चार्ज झालेली आणि काही तास स्वस्थ ठेवलेली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा १० व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर आधी बॅटरीचा प्रश्न सोडवा. अशक्त बॅटरीमुळे सर्व सिलिंडर एकाच वेळी बंद पडतील असे नाही. ज्या सिलिंडरचा प्लग सर्वांत झिजलेला किंवा ज्याची वायर सर्वांत कमजोर, तो आधी मुका होतो आणि दोष त्याच एका सिलिंडरचा आहे असा भास निर्माण होतो.

टाकीत अनेक महिन्यांचे पेट्रोल असेल तर ते काढून ताजे भरा. शिळ्या पेट्रोलवर केलेली कोणतीही चाचणी विश्वासार्ह नसते.

खबरदारी: काम मोकळ्या हवेत करा. हवेवर थंड होणारे इंजिन उभ्या जागी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालवायचे असेल, तर समोर मोठा पंखा लावा. आग विझवण्याचे साधन हाताच्या अंतरावर असू द्या.

## २. नेमका कोणता सिलिंडर बंद आहे ते ठरवणे

पूर्ण थंड इंजिन सुरू करा आणि अर्धा ते एक मिनिट आयडलवर चालू द्या. नंतर प्रत्येक एक्झॉस्ट पाइपवर, सिलिंडर हेडपासून चार बोटे अंतरावर, पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. ज्या पाइपवर पाणी चर्र आवाज करून उडते तो सिलिंडर पेटतो आहे; ज्यावर थेंब तसेच ओघळतात तो बंद आहे. पाणी हळूहळू वाफाळत असेल, तर तो सिलिंडर अधूनमधून पेटतो आहे, आणि याचीही वेगळी नोंद करा. दुहेरी पत्र्याचे पाइप उशिरा तापतात, म्हणून त्यांच्यावर ही चाचणी थोडी थांबून करावी. पाणी पाइपवरच मारा, हेडच्या किंवा सिलिंडरच्या तापलेल्या पंखांवर नाही.

हीच चाचणी इंजिन मिनिटाला साधारण ३,००० फेऱ्यांवर धरून पुन्हा करा. आयडलवर मुका असलेला सिलिंडर या वेगावर पेटू लागत असेल, तर संशय प्रामुख्याने स्लो जेटवर (आयडलवर पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरमधील बारीक छिद्राच्या भागावर) किंवा बाहेरून शिरणाऱ्या हवेवर जातो. उलट आयडलवर ठीक असलेला सिलिंडर जोर पडताच मिसिंग करू लागला, तर ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल अपुरे पडते आहे.

येथे एक चूक फार वारंवार होते. चालू इंजिनाच्या एकेका प्लगची कॅप ओढून आवाज बदलतो का ते पाहण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, परंतु होंडा सीबी ७५० सारख्या अनेक चार सिलिंडर गाड्यांमध्ये एकाच कॉइलला (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या वेटोळ्याला) दोन वायरी असतात आणि तिच्यावर १ व ४ क्रमांकाचे, तर दुसऱ्या कॉइलवर २ व ३ क्रमांकाचे सिलिंडर चालतात. अशा कॉइलमधील उच्च दाबाचा करंट एका प्लगमधून हेडमध्ये आणि हेडमधून दुसऱ्या प्लगमार्फत परत कॉइलमध्ये असा फेरा पूर्ण करतो. त्यामुळे १ ची कॅप नुसती ओढली की ४ चा फेराही तुटतो, दोन्ही सिलिंडर गडबडतात आणि निष्कर्ष चुकतो. शिवाय मोकळ्या सुटलेल्या कॅपमुळे कॉइलच्या आतील आवरणावर नाहक ताण येतो आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल तर ते जळूही शकते. ही चाचणी करायचीच असेल, तर इंजिन बंद असताना कॅप काढून तिच्यात जादा प्लग बसवा, त्या प्लगचे धातूचे अंग तारेने इंजिनाला पक्के बांधा आणि मगच इंजिन सुरू करा.

आता नोंदी समोर ठेवून त्यांचा आकृतिबंध वाचा. १ आणि ४ दोन्ही, किंवा २ आणि ३ दोन्ही बंद असतील, तर ती जोडी एका कॉइलची आहे. दोष कॉइल, तिचा पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शमवणारा भाग) किंवा तिच्या वायरिंगमध्ये शोधावा, कार्ब्युरेटरला हात लावण्याचे कारण नाही. १ आणि २, किंवा ३ आणि ४ असे शेजारचे दोन बंद असतील, तर त्यांची कॉइल सामाईक नाही. त्या बाजूच्या पेट्रोलच्या नळीकडे आधी पाहा. एकच सिलिंडर बंद असेल, तर प्लग, कॅप, वायर, टॅपेट, मॅनिफोल्डचे रबर आणि त्याचा स्वतःचा कार्ब्युरेटर हे सगळेच संशयित राहतात आणि पुढचे सर्व टप्पे क्रमाने करावे लागतात.

खात्री करा: निष्कर्ष लिहिण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ देऊन पाण्याची चाचणी पुन्हा एकदा करा. दोन्ही वेळा तोच सिलिंडर आला तरच पुढे जा.

## ३. प्लग काढून पाहणे

प्लग सैल करण्यापूर्वी त्याच्या खळग्यातील धूळ हवेने किंवा कुंचल्याने साफ करा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. सर्व प्लग काढून क्रमाने मांडा आणि एकमेकांशी ताडून पाहा. बंद सिलिंडरचा प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे ठिणगी किंवा कॉम्प्रेशनचा दोष. कोरडा आणि स्वच्छ असेल, तर पेट्रोलच येत नाही. कोरडी काळी काजळी मिश्रण अति घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, असल्याची खूण आहे, आणि चकचकीत तेलकट काळा थर असेल तर ऑइल वर येते आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्या आहेत.

आता बंद सिलिंडरचा प्लग पेटणाऱ्या सिलिंडरमध्ये आणि त्याचा प्लग इकडे, अशी अदलाबदल करून इंजिन सुरू करा. दोष प्लगबरोबर गेला, तर प्लग बदला आणि काम संपले. पेट्रोलने एकदा पूर्ण भिजलेला आणि काजळी धरलेला प्लग घासून चकचकीत केला तरी चिनी मातीच्या भागावर राहिलेल्या थरातून करंट निसटत राहतो, म्हणून तपासणीच्या काळात असा प्लग पुन्हा वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉइंटवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांत प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. नवा प्लगही फीलर गेजने मोजूनच बसवा.

## ४. ठिणगीची तपासणी

प्लग कॅपमध्ये बसवून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून सेल्फ मारल्यावर ठिणगी दिसली की बरेच जण इग्निशन ठीक आहे असे ठरवून मोकळे होतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. सिलिंडरच्या आत दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पाडायला मोकळ्या हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे बाहेर दिसणारी ठिणगी आत पडेलच असे नाही. फट कमी-जास्त करता येणारे स्पार्क टेस्टर वापरा. ठिणगी सुमारे ६ मिलिमीटरची फट ठाम निळसर-पांढऱ्या रंगात ओलांडत असेल, तर ती समाधानकारक आहे. बारीक, पिवळसर-नारिंगी आणि अधूनमधून चुकणारी ठिणगी ही दोषाची खूण आहे.

खबरदारी: चाचणीचा प्लग किंवा टेस्टर उघड्या प्लगच्या भोकाजवळ ठेवू नका. पेट्रोलची वाफ तेथून जोरात बाहेर फेकली जाते आणि ठिणगीने पेट घेते. जोडीच्या कॉइलवर दुसऱ्या सिलिंडरचा प्लगही त्याच वेळी इंजिनाला टेकलेला असला पाहिजे.

### कॅप आणि वायर

कॅप वायरवरून फिरवून काढा. बहुतेक कॅपच्या आत एक स्क्रू असतो आणि तो वायरच्या तांब्याच्या गाभ्यात घुसतो. तेथील तांबे हिरवट झाले असेल, तर वायर ५ ते ६ मिलिमीटर कापा आणि ताज्या तांब्यावर कॅप पुन्हा घट्ट फिरवा. अनेक ‘मेलेले’ सिलिंडर एवढ्यावरच जिवंत होतात. कॅपचा रोध मल्टिमीटरने मोजा. सामान्यतः तो ५,००० ओहमच्या आसपास असतो, आणि आकडा येतच नसेल किंवा कॅप हलवताच बदलत असेल तर ती टाकून द्या. काळोखात इंजिन चालवून वायरींकडे पाहिले, तर भेगेतून हेडकडे उडणाऱ्या निळ्या रेषा डोळ्यांना दिसतात.

### कॉइलपर्यंत येणारे व्होल्टेज

बॅटरीचे व्होल्टेज मोजा. मग पॉइंट बंद, म्हणजे टेकलेल्या स्थितीत आणून चावी चालू करा, आणि कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकावर पुन्हा मोजा. जुन्या वायरिंगमध्ये थोडी घट असतेच, पण ती एक व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर चावीचा स्विच, हँडलवरचा किल स्विच आणि जोडण्या एकेक करून तपासा. किल स्विचच्या आतील पितळी पट्ट्या वर्षानुवर्षे गंजत राहतात, पण संशय मात्र क्वचितच तिकडे जातो. घट दोन्ही कॉइलला सारखीच असली, तरी परिणाम आधी कमजोर कॉइलवर दिसतो.

खबरदारी: पॉइंट टेकलेले असताना चावी मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका, कॉइल तापून खराब होते.

### पॉइंट आणि कंडेन्सर

पॉइंटची दोन्ही तोंडे भिंगातून पाहा. निरोगी तोंड सपाट आणि करड्या रंगाचे असते. एका तोंडावर धातूचा उंचवटा आणि समोरच्या तोंडात तेवढाच खड्डा दिसत असेल, तर त्या कंडेन्सरवर भरवसा ठेवू नये. अशा तोंडांमध्ये फीलर गेज घातला की तो उंचवट्याच्या टोकाला अडतो, खरी फट त्याहून मोठी असते आणि टायमिंगही त्यामुळे सरकते. म्हणून आधी बारीक कानसीने तोंडे सपाट करा किंवा पॉइंट बदला, आणि नंतरच फट ठेवा. ही फट सामान्यतः ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते, आणि कॅमने पॉइंट जास्तीत जास्त उघडलेल्या स्थितीतच ती मोजायची असते.

कानस मारल्यावर स्वच्छ पांढऱ्या कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवून तोंडांमधून ओढा आणि कागद पांढरा निघेपर्यंत ओढत राहा. नव्या पॉइंटवर गंजरोधक तेलाचा पातळ थर असतो. तो पुसला नाही, तर नवे पॉइंट बसवूनही ठिणगी येत नाही आणि माणूस विनाकारण कॉइल बदलायला निघतो.

इंजिन चालू असताना एका पॉइंटवर सतत मोठ्या निळसर ठिणग्या उडत असतील आणि दुसऱ्यावर अगदी बारीक, तर पहिल्याचा कंडेन्सर बदला.

### दोष कॉइलचा की पॉइंटचा

दोन कॉइल आणि दोन पॉइंट असलेल्या इंजिनात हा प्रश्न एका अदलाबदलीने सुटतो. चारही प्लग बाहेर काढून कॅपमध्ये बसवा आणि भोकांपासून दूर इंजिनाला टेकवून ठेवा. पॉइंटकडून कॉइलकडे जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावा आणि सेल्फ मारा. कमजोर ठिणगी दुसऱ्या जोडीकडे सरकली, तर दोष पॉइंट किंवा कंडेन्सरचा. ती मूळ जोडीकडेच राहिली, तर दोष कॉइलचा किंवा तिच्यापुढील वायरींचा. या स्थितीत ठिणग्या चुकीच्या वेळी पडतात, म्हणून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नका आणि चाचणी होताच वायरी पूर्ववत करा.

कॉइलचा रोध मोजताना तिच्या सर्व वायरी सोडवा. पॉइंटसाठीच्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्राथमिक रोध साधारण ३ ते ५ ओहम असतो. मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी मोजून तो वजा करा, कारण एवढ्या लहान आकड्यात अर्ध्या ओहमचाही फरक पडतो. दुय्यम रोध कॅप काढून, दोन जाड वायरींच्या टोकांमध्ये मोजा. कॅपसकट मोजल्यास तो दहा हजार ओहमने जास्त दिसतो. कॉइल थंड असताना बरोबर आकडा दाखवते म्हणून ती निर्दोष ठरत नाही, याकडे शेवटी पुन्हा येऊ.

खात्री करा: चारही प्लगवर सारखी ठाम ठिणगी मिळाल्याशिवाय पाचव्या टप्प्याला हात घालू नका.

## ५. टॅपेट आणि कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशन मोजण्यापूर्वी टॅपेट तपासावेत. टॅपेट कडक, म्हणजे त्याची फट फार कमी, असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन कमी येते आणि रिंगा गेल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. तपासणी रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनावरच करायची असते. फट किती बारीक असते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: एक ओव्हरहेड कॅम असलेल्या होंडा सीबी ७५० मध्ये इनटेकला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.०८ मिलिमीटर फट ठेवतात. चार सिलिंडरांच्या अशा इंजिनात १ आणि ४ चे पिस्टन एकाच वेळी वर येतात, म्हणून टायमिंगच्या खुणेवर भरवसा ठेवून चुकीच्या सिलिंडरचे टॅपेट फिरवले जातात. ज्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट बोटाने किंचित हलतात, तोच त्या क्षणी कॉम्प्रेशनच्या टोकाला आहे.

टॅपेट ठीक झाल्यावर इंजिन थोडे गरम करा, सर्व प्लग काढा आणि कॉइलचा पुरवठा सोडवून ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून, गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून मोजणे ही नेहमीची चूक आहे; हवा आतच जात नाही आणि सर्वच आकडे कमी येतात. निरोगी चार-स्ट्रोक इंजिनात बहुधा १० ते १२ बार मिळतात, पण सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ८५ टक्क्यांपेक्षा खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा स्पष्टपणे वाढला, तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली आहे. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहा.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत चिकटलेल्या रिंगा आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवरील गंज यांमुळे सुरुवातीला आकडा कमी येतो. इंजिन काही काळ चालल्यावर तो सुधारू शकतो, म्हणून अशा गाडीचे इंजिन पहिल्याच मोजमापावरून खोलायला घेऊ नका.

## ६. पेट्रोल फ्लोटच्या भांड्यापर्यंत पोहोचते का

प्रत्येक कार्ब्युरेटरच्या भांड्याखाली निचऱ्याचा स्क्रू असतो. तेथे पारदर्शक नळी लावा, टोक काचेच्या बरणीत सोडा, पेट्रोल कॉक चालू करा आणि स्क्रू उघडा. धार अखंड वाहत राहिली पाहिजे. ती सुरुवातीला येऊन मग थेंबथेंब होत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पुन्हा पाहा. झाकण उघडताच धार सुधारली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचे गोल थेंब किंवा तांबूस गाळ दिसला, तर कार्ब्युरेटर कितीही साफ केले तरी दोष परत येईल. आधी टाकी आणि कॉकची जाळी साफ करा.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कॉकबाबत एक वेगळी खबरदारी घ्यावी लागते. त्याच्या आतील पडदा फाटला, तर पेट्रोल व्हॅक्यूमच्या बारीक नळीतून थेट ज्या सिलिंडरला ती नळी जोडली आहे त्यात ओढले जाते. तो एकच सिलिंडर सतत ओला आणि मुका राहतो, आणि त्याचा कार्ब्युरेटर कितीदा साफ केला तरी फरक पडत नाही. ती नळी काढून पाहा. आत पेट्रोलचा ओलावा दिसला, तर कॉकचा पडदा बदला आणि इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतो का तेही तपासा. येत असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

पेट्रोलअभावीच सिलिंडर बंद आहे का, हे ठरवण्यासाठी बंद सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून सिरिंजने एक मिलिलिटर पेट्रोल घाला, प्लग व कॅप बसवा, सांडलेले पुसून वाफ उडू द्या आणि मगच इंजिन सुरू करा. सिलिंडर काही क्षण पेटून पुन्हा मुका झाला, तर ठिणगी व कॉम्प्रेशन ठीक असून दोष पेट्रोलच्या मार्गात आहे, हे सिद्ध होते.

## ७. बाहेरून शिरणारी हवा

कार्ब्युरेटर आणि हेड यांमधील मॅनिफोल्डचे रबर वर्षांनुवर्षे तापून कडक होते आणि त्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला भेगा पडतात. इंजिन आयडलवर असताना त्या रबरावर आणि क्लॅम्पवर थोडे पाणी फवारा. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, तर तेथून हवा आत जाते आहे. या कामासाठी कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा वापरण्याची प्रथा आहे, पण गरम एक्झॉस्टजवळ तो पेट घेतो, म्हणून मी पाण्याचाच आग्रह धरतो. ट्यूनिंगच्या व्हॅक्यूम छिद्रावरील छोटे रबरी टोपण जागेवर आहे का तेही पाहा. ते हरवले असेल, तर आयडलवर तेवढा एकच सिलिंडर मरतो आणि वेग वाढवला की जागा होतो. नेमकी हीच लक्षणे बुजलेल्या स्लो जेटचीही आहेत.

## ८. आता कार्ब्युरेटर

येथपर्यंत सर्व ठीक निघाले आणि सिलिंडर अजूनही आयडलवर मुका असेल, तरच कार्ब्युरेटर उतरवा. संपूर्ण संच एकत्र काढा. कार्ब्युरेटर एकमेकांपासून सुटे करण्याची गरज बहुधा नसते, आणि सुटे केल्यास त्यांच्यामधील पेट्रोलच्या नळ्यांचे सील नवे लागतात.

मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हळुवारपणे आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते लिहा आणि मगच बाहेर काढा. तो जोराने आवळल्यास टोकाची सुई छिद्रात तुटते. स्क्रूच्या मागे स्प्रिंग, छोटा वॉशर आणि ओ-रिंग असतात. ओ-रिंग बऱ्याचदा आतच चिकटून राहते आणि क्लीनरच्या फवाऱ्याबरोबर नकळत उडून जाते.

स्लो जेट काढून उजेडासमोर धरा. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते, आणि त्यातून पूर्ण गोल, स्वच्छ कडेचा प्रकाशबिंदू दिसला पाहिजे. प्रकाश दिसतो पण बिंदूची कड वाकडीतिकडी आहे, तर आत वार्निशचा थर अजून शिल्लक आहे. अशा जेटने तो सिलिंडर पेटतो, पण आयडलवर लंगडतच राहतो. जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवा, हवेने फुंका, आणि गरज पडल्यास लवचिक वायरमधील तांब्याची एकच बारीक तार हलकेच फिरवा. पोलादी तार किंवा ड्रिल घालू नका. छिद्र एकदा मोठे झाले की जेट बाद होतो. काही मॉडेलमध्ये स्लो जेट दाबून बसवलेला असतो, तो उपटण्याचा प्रयत्न न करता जागेवरच साफ करावा.

जेट साफ झाला म्हणजे मार्ग मोकळा झाला असे नाही. स्लो जेटपासून थ्रॉटलच्या पट्टीजवळील बारीक छिद्रांपर्यंतचा मार्ग एका टोकाने क्लीनर फवारून दुसऱ्या टोकाने धार येते का ते पाहून तपासा, आणि शेजारच्या चालू सिलिंडरच्या कार्ब्युरेटरशी धारेची तुलना करा. चोकसाठीचा स्वतंत्र जेट भांड्यातच असेल, तर तोही याच पद्धतीने पाहा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण धार अनपेक्षित छिद्रातून थेट तोंडावर येते.

खात्री करा: संच गाडीवर चढवण्यापूर्वी टेबलावर सपाट ठेवून प्रत्येक भांड्यात पेट्रोल भरा आणि ते वाहून जात नाही हे पाहा. निचऱ्याच्या नळीतून दिसणारी पातळी चारही भांड्यांत सारखी असली पाहिजे.

## ९. दुरुस्तीनंतर, आणि गरम झाल्यावरच मरणारा सिलिंडर

सिलिंडर पेटू लागल्यावर जुळणी याच क्रमाने करा: टॅपेट, पॉइंटची फट, टायमिंग आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटरचे सिंक्रोनायझेशन, म्हणजे सर्व कार्ब्युरेटर सारखे उघडतील अशी जुळणी. फट बदलली की टायमिंग बदलते आणि टायमिंग बदलले की आयडल बदलते, म्हणून उलट क्रमाने केलेले काम पुन्हा करावे लागते. एखादा सिलिंडर बंद असताना सिंक्रोनायझेशन करून तो चालू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. त्याने उरलेल्या तिघांचीही जुळणी बिघडते.

थंड असताना चारही सिलिंडर उत्तम चालतात आणि वीस-तीस मिनिटांच्या प्रवासानंतर एक किंवा दोन मरतात, अशा दोषासाठी घरी केलेल्या थंड मोजमापांचा उपयोग होत नाही. येथे संशय कॉइल, कंडेन्सर आणि ट्रान्झिस्टर इग्निशन असल्यास पिकअप कॉइल किंवा मॉड्यूलवर जातो. स्पार्क टेस्टर, मल्टिमीटर आणि प्लग पाना बरोबर घेऊन निघा, दोष उद्भवताच सुरक्षित जागी थांबा आणि सिलिंडर मेलेल्या अवस्थेतच ठिणगी पाहा व कॉइलचा रोध मोजा. कॉइल थंड झाली की पुरावा नाहीसा होतो. ठिणगी ठाम असेल, तर त्याच ठिकाणी टाकीचे झाकण उघडून इंजिन पुन्हा सुरू करा, कारण बुजलेले हवेचे छिद्रही साधारण तेवढ्याच वेळाने गाडी थांबवते. या दोन्ही तपासण्या निर्दोष निघाल्या, तर इंजिन गरम असतानाच कॉम्प्रेशन मोजा. कडक टॅपेटचा व्हॉल्व्ह तापून लांबला की थंड इंजिनात न दिसणारी गळती तेव्हाच आकड्यात उतरते.